कर्ज कुणाच्या नावावर?

जून सरत आला की खानदेशात दोन गोष्टींसाठी एकाच वेळी पैसा लागतो, बियाण्याला आणि ॲडमिशनला. कोरडवाहू कपाशीचे पैसे मात्र दिवाळीच्या पुढेमागे येतात. मधल्या चार महिन्यांत जे व्यवहार होतात, ते शैक्षणिक कर्जाच्या कुठल्याच आकडेवारीत दिसत नाहीत. सोनाराकडे गहाण गेलेली पोत, कृषी केंद्रावर वाढलेली उधारी, गावातल्या कुणाकडून शेकडा तीन रुपयांनी उचललेले लाखभर रुपये. हे सगळं पोरांच्या शिक्षणापायीच झालेलं असतं, पण त्याला शिक्षणकर्ज कुणी म्हणत नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्या घरांना ही तंगी कमी जाणवते. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा, साक्री या पट्ट्यात ती दरवर्षीची आहे.

हा वाद त्या पट्ट्यात घरोघरी चालतो. इथे तो मी एका बहीण-भावाच्या तोंडी घातला आहे. माणसं कल्पित आहेत, नियम आणि हिशेब खरे आहेत. आप्पाची पारोळा तालुक्यात पाच एकर कोरडवाहू जमीन. थोरली बहीण आक्का राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेली, धुळ्याला देवपुरात राहते. आप्पाच्या मुलाला सीईटीत बरे मार्क पडले आहेत आणि त्याला पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं आहे. मुलगी यंदा अकरावीत गेली.

आप्पा : आक्का, दीड एकराचा सौदा जवळजवळ ठरला. पोऱ्याची चारी वर्षं सुटतील. कुणाचं देणं नको नि घेणं नको.

आक्का : वावर विकशील, पण बँकेत जाणार नाहीस?

आप्पा : कर्ज ते कर्जच शे. मी वीस वर्षं सोसायटीचं नवं-जुनं करतोय, त्यातून बाहेर आलो नाही. आपल्या बापानं आपल्या नावावर एक रुपयाचं देणं ठेवलं नाही. मी पोऱ्याच्या नावावर कसं ठेवू? बाविसाव्या वर्षी एका हातात डिग्री आणि दुसऱ्या हातात हप्ता?

आक्का : बापानं देणं ठेवलं नाही, कारण आपल्याला शिकवायला त्याला फारसं काही द्यावंच लागलं नाही. मी अमळनेरला प्रताप कॉलेजात होते. फी भरल्याची मला आठवण आहे, पण फीसाठी घरात कुणी रात्र जागल्याची नाही.

इथे मला थांबून थोडं बोलायचं आहे. आक्का म्हणते ते एका पिढीचं खरं आहे. अमळनेरच्या प्रताप शेठजींसारख्या गिरणीमालकाने आपला पैसा शाळा-कॉलेजात घातला. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथल्या शाळेत शिकवत होते आणि छात्रालयात मुलांबरोबर राहत होते. प्रताप कॉलेज १९४५ चं. गावोगावच्या शिक्षणसंस्था वर्गणीतून उभ्या राहिल्या, मग शिक्षकांचे पगार सरकारने उचलले. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. त्याच वर्षी जळगावजवळ बांभोरीला असं कॉलेज सुरू झालं. त्याआधी खानदेशातल्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर मुंबई, पुणे, कराड, औरंगाबाद किंवा अमरावती गाठावं लागे, आणि जागा मूठभर. विनाअनुदानित कॉलेजांनी हजारो मुलांना दार उघडलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर शिक्षणाचा खर्च समाजाच्या आणि सरकारच्या खांद्यावरून उतरून घराच्या खांद्यावर आला. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज जळगावला आलं ते १९९६ मध्ये, आणि त्याच्या जागा किती पुरणार? आप्पा आज वावर विकायला निघाला आहे, त्याची सुरुवात तिथे आहे. आप्पा आणि आक्का एकमेकांशी भांडतात, तेव्हा तिसरा जबाबदार त्या खोलीत नसतो.

आप्पा : ते गेलं. आता काय ते बोल.

आक्का : आता हिशेब बोलू. तुझं वावर एकरी पाच क्विंटल कापूस देतं. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. पाच एकराचे झाले दोन लाख दोन-तीन हजार. खेडा खरेदीवाला त्याहून कमीच देतो. बियाणं, खत, फवारणी, वेचणी यात निम्मे गेले. दीड एकर विकलंस की उरलेल्या साडेतीन एकरात तुम्ही दोघं नवरा-बायको म्हातारपणी काय खाल?

आप्पा : तूच हिशेब मांडला म्हणून विचारतो. दीड एकराचं निव्वळ उत्पन्न वर्षाला तीस हजार धर. ते गेलं तर गेलं. तुझ्या बँकेचा हप्ता वर्षाला किती?

आक्का : लिहून घे. समज, दर वर्षी एक लाख उचलले, चार वर्षांत चार लाख. व्याज १० टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. ते सरळव्याज. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, शेवटच्या लाखावर दोन वर्षांचं, असं १,४०,००० व्याज साचतं. हप्ता सुरू होतो त्या दिवशी देणं ५,४०,०००. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ७,१४०. पंधरा वर्षं घेतली तर ५,८००, पण मग एकूण भरणा साडेदहा लाखांच्या जवळ जातो.

आप्पा : चारचे साडेदहा! आणि दहा वर्षांत फेडायचं तर वर्षाला तीस हजार वाचवायला वर्षाला पंच्याऐंशी हजार भरायचे. हे कोणत्या बँकेत शिकलीस?

आक्का : ते पंच्याऐंशी हजार पोरगा पगारातून भरेल. तीस हजार तुझ्या ताटातून जातील, आणि दहा वर्षांनी थांबणार नाहीत. शिवाय विकलेलं वावर आपल्यासारख्याला परत विकत घेता येत नाही. भाव चढतात, आपलं उत्पन्न चढत नाही.

आप्पाचा हिशेब चुकीचा नाही, हे मला इथे नोंदवावंसं वाटतं. बँकेचं कर्ज स्वस्त असतं हे वाक्य मुदत सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. पंधरा वर्षांची मुदत हप्ता लहान दाखवते आणि देणं मोठं करते. पण जमीन विकण्याचा खर्च कुठे छापून येत नाही, म्हणून तो शून्य वाटतो.

आप्पा : बरं, वावर नाही विकत. पोत ठेवतो, थोडे गावातून उचलतो. दिवाळीला कपाशी आली की फेडतो.

आक्का : शेकडा तीनने?

आप्पा : ओळखीचा माणूस आहे.

आक्का : शेकडा तीन म्हणजे लाखाला महिन्याचं नुसतं व्याज ३,०००. वर्षाला ३६ टक्के. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. त्याखाली परवाना असलेल्या सावकारालाही शेतीशिवायच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. बँकेच्या लाखाला महिन्याचं व्याज ८३३ रुपये. आणि दिवाळीला तू फेडतोस कुठे? बोंडअळी आली, परतीच्या पावसात कापूस भिजला, की मुद्दल तसंच राहतं आणि पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या वर्षाची फी उभी.

आप्पा : बँकेनं वावर ओढून नेलं मग?

आक्का : साडेसात लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला तारण लागत नाही. २०१५ पासून केंद्राच्या पतहमी निधीतून बँकेला ७५ टक्के हमी मिळते. तू सहकर्जदार म्हणून सही करशील, पण सातबारावर बोजा चढणार नाही. शेतजमीन तर बँका या कर्जाला सहसा घेतच नाहीत, कारण सरफेसी कायद्याखालची जप्ती शेतजमिनीला लागू होत नाही. आपल्याकडे वावरं गेली ती गावातल्या माणसाला करून दिलेल्या खरेदीखतांवर.

आप्पा गप्प बसला, कारण अशी खरेदीखतं त्याने पाहिली आहेत. पण त्याचा खरा मुद्दा अजून यायचा होता.

आप्पा : जमिनीचं सोड. मला पोऱ्याचं सांग. हप्ता सुरू झाला की मिळेल ती नोकरी धरावी लागेल. उद्या तो म्हणाला, दोन वर्षं एमपीएससी करतो, तर करता येईल? गावात परत येऊन काही धंदा काढतो म्हणाला तर? माझं कर्ज असलं तर तो मोकळा असतो. पीककर्ज २०१७ ला माफ झालं, २०१९ ला परत झालं. शिक्षणकर्ज कधी माफ झालं? सांग ना.

आक्का : नाही झालं. हे तुझं खरं आहे.

आप्पा : आणि नोकरी नाही लागली तर? तो थकला की मीही थकबाकीदार. सहकर्जदार ना मी? मग सिबिल बघून बँक मला पीककर्ज नाकारणार. पीककर्जाला सिबिल लावू नका असं सरकार बँकांना सांगून दमलं, तरी शाखेत काय चालतं ते बठ्ठं माहीत शे माले.

शिक्षणकर्जावर बोलणारे लोक व्याजदर आणि अनुदान सांगतात, पण आप्पाने बोट ठेवलं त्या जागेवर फार कमी बोलतात. हप्ता तरुणाच्या पहिल्या दहा वर्षांचा रस्ता ठरवतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणारी खानदेशातली मुलं घरच्या पैशावर बसतात. बँकेचा हप्ता सुरू झालेल्या मुलाला ती चैन नाही. आणि परत येण्याचा दरवाजा तर जवळजवळ बंदच होतो, कारण जळगावच्या डाळमिल किंवा चटई-पाइपच्या कारखान्यात, धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत मिळणाऱ्या पगारातून सात हजारांचा हप्ता जाणं कठीण आहे. कर्ज काढून शिकलेला मुलगा खानदेशाला परत मिळत नाही. मला याचं दुःख वाटतं, आणि आक्कालाही वाटतं. तरी ती आप्पाच्या बाजूने जात नाही.

आक्का : तुझ्या नावावर कर्ज असलं तर तो मोकळा असतो, असं तुला वाटतं. आई-बापांनी पोत मोडली, वावर विकलं हे ज्याला माहीत आहे, तो पोरगा मोकळा असतो का? तो हप्ता त्याला कधी दिसत नाही आणि कधी संपतही नाही. बँकेचा निदान संपतो. आणि दुसरं सांगू? तू सगळं पोराला लावलंस की पोरीसाठी काय उरतं? आपल्याकडे हेच होतं. पोरगा पुण्याला, पोरगी जवळच्या कॉलेजात बी.ए.

आप्पा : पोरीचं अजून लांब आहे.

आक्का : दोन वर्षं. आणि तिचा हिशेब पोरापेक्षा सोपा आहे, हे तुला ठाऊक नाही. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. डेव्हलपमेंट फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च उरतो, पण मोठा आकडा जातो. पोराला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळेल. ओबीसीत असशील तरी मुलाला निम्माच. म्हणून प्रवेश कॅप राउंडमधूनच घ्यायचा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलास की ही दारं बंद.

आप्पा : ते पैसे महाडीबीटीवरून पुढच्या वर्षी येतात. कॉलेज आजच मागतं.

आक्का : पात्र मुलांकडून माफीची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नका, असं शासनानं कॉलेजांना सांगितलंय. काही मागतात तरी. लेखी मागणी माग, बऱ्याच वेळा तिथेच विषय संपतो. नाही संपला तर आपल्या हातात अंतर उरतं, ते भरायलाच कर्ज आहे. त्यातून फी, वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप सगळं बसतं. पुण्याला कॉट बेसिसवर राहायचं म्हटलं तरी फीएवढाच खर्च वर येतो, तो तू धरलाच नव्हतास.

आप्पा : शाखा दारात उभी करत नाही. शेजारच्या गावातल्या पोराला फेऱ्या मारायला लावल्या आणि शेवटी सांगितलं, तुमचं गाव आमच्याकडे येत नाही.

आक्का : तसं सांगता येत नाही. सेवाक्षेत्राची अट शिक्षणकर्जाला लावू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच कळवलं आहे. शाखेत तोंडी विचारू नकोस. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाक, म्हणजे नोंद राहते. नाकारायचं तर वरच्या कार्यालयाची संमती घेऊन नाकारावं, असं बँकांच्या आदर्श योजनेतच आहे. मी काउंटरच्या त्या बाजूला बसलेली बाई आहे, आप्पा. लेखी अर्जाला शाखा घाबरते, तोंडी विनवणीला नाही.

आप्पा : आणि व्याज?

आक्का : घराचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम मान्यतेच्या कॉलेजात असेल, तर शिकत असतानाचं आणि त्यापुढच्या वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. २००९ पासूनची योजना आहे. मधेच शिक्षण सोडलं तर ते मिळत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात पीएम-विद्यालक्ष्मी आली, सुरुवातीला तिच्या यादीत देशातल्या निवडक ८६० संस्था होत्या. आठ लाखांच्या आतल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. पोराचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे कॅपचे पर्याय भरण्याआधी बघ. नंतर बघून उपयोग नाही.

आप्पा : म्हणजे पुण्याला पाठवच म्हणतेस.

आक्का : मी तसं म्हटलं नाही. कॉलेजच्या फाटकावरच्या फलकावर एका मुलाचं पॅकेज असतं. तू कॉलेजने एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या क्रमवारीला, दिलेली माहिती बघ, त्यात किती मुलं बसली, किती लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती, हे असतं. मधल्या मुलाचा पगार महिन्याला वीस हजार असेल तर हप्ता पाच हजारांच्या वर जाऊ देऊ नये, असा माझा नेम आहे. नऱ्हे नि वाघोलीच्या कॉलेजात आणि शिरपूर, धुळे, जळगावच्या कॉलेजात तो पगार सारखाच निघाला, तर पुण्याच्या कॉटचे पैसे कशाला? पारोळ्याहून धुळं तासाभराचं आहे, एसटीचा विद्यार्थी पास आहे. तिथे दोन लाखांच्या कर्जात भागेल. जास्त निघाला तर बिनधास्त पाठव. आणि कॉलेज ती माहिती द्यायला तयार नसेल, तर त्या कॉलेजासाठी कर्जच काढू नको.

मधल्या मुलाचा पगार बघ, हे मला या सगळ्या वादातलं सर्वांत मोलाचं म्हणणं वाटतं. खानदेशातली घरं फी बघून कॉलेज ठरवतात, किंवा पुणे बघून. कर्ज किती घ्यायचं हे फीवरून ठरवलं की ते फीएवढं होतं. ते मधल्या मुलाच्या पगारावरून ठरवलं पाहिजे, कारण आपला मुलगा बहुधा मधलाच असतो.

आप्पा : तरी माझ्या मनाला पटत नाही. बाप असून सगळं पोऱ्यावर टाकायचं.

आक्का : सगळं कुठे टाकतोस? तुला भार उचलायचा आहे ना, मग शिकत असतानाचं व्याज उचल. पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी २०,०००, असं चढत जातं. तेवढं भरलंस तर हप्ता सुरू होताना देणं पाच लाख चाळीस हजार नसतं, चार लाखच असतं. हप्ता ७,१४० चा ५,२९० होतो. वेळच्या वेळी भरणाऱ्याला काही बँका व्याजात एक टक्का सूटही देतात. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

आप्पा : चौथ्या वर्षी ४०,००० मला नाही जमणार.

आक्का : नको जमू दे. कापूस विकल्यावर जे जमेल ते. अनुदान आलं तर तुझे भरलेले मुद्दलातून कमी होतील. नाही आलं तर व्याजातून. दोन्हीकडून पोराचाच हप्ता उतरतो. आणि वावर पाचही एकर तुझंच राहतं.

आप्पा : आणि एमपीएससीचं?

आक्का : तिथे मी तुला हरले. कर्ज असताना दोन वर्षं बसून अभ्यास करता येणार नाही. नोकरी करत करावा लागेल, किंवा कर्ज कमी ठेवावं लागेल. म्हणून सांगते, दोन लाखांत भागत असेल तर चार घेऊ नका.

आप्पा : मग हे त्याला सांग. मी बाप, तू आत्या, दोघं बसून त्याच्या नावावरचं देणं ठरवतोय आणि त्याला कुणी विचारलं नाही. सही त्याची आहे.

आक्का : रविवारी घेऊन ये. येताना सेतूतून काढलेला उत्पन्नाचा दाखला आण, आणि त्याला म्हणावं, चार कॉलेजांची एनआयआरएफची पानं छापून आण. पोरीलाही आण. तिच्यासमोर बोलू.

आप्पा : सौद्यावाल्याला काय सांगू?

आक्का : इसार घेतलास?

आप्पा : अजून नाही.

आक्का : मग आजच फोन कर.